दिवस आपला, वेळ त्याची

आपल्या पांढरपेशा घरांतून दोन वाक्यें इतक्या वेळां कानांवर पडतात कीं, त्यांचा अर्थ तपासून पाहावा असें कोणाच्या मनांतही येत नाहीं. पहिलें वाक्य "वेळ यावी लागते" हें, आणि दुसरें "सवड झाली कीं पाहूं" हें. मुलीचें लग्न, मुलाची नोकरी, स्वतःची बढती, आजाऱ्याला पडावयाचा उतार, अशा गोष्टींविषयीं पहिलें वाक्य उच्चारलें जातें. वडिलांजवळ घटकाभर बसणें, मुलांना गोष्ट सांगणें, पत्नीबरोबर देवळापर्यंत फिरून येणें, गांवीं एकट्या राहिलेल्या आत्याची विचारपूस करणें, अशा गोष्टींच्या वांट्याला दुसरें वाक्य येतें. पहिल्यांत ईश्वरावरची श्रद्धा आहे आणि दुसऱ्यांत केवळ व्यवहार आहे, असें वरवर पाहणाऱ्यास वाटेल. परंतु या दोन वाक्यांचा आपण प्रत्यक्षांत जो उपयोग करतों तो पाहिला म्हणजे एक चमत्कारिक प्रकार दृष्टीस पडतो. ज्या गोष्टींची वेळ आपल्या हातीं नाहीं असें आपण तोंडानें कबूल करतों, त्यांच्याच चिंतेनें आपली झोंप उडालेली असते. आणि ज्यांची वेळ बव्हंशीं आपल्या हातीं आहे, त्या मात्र आपण निश्चिंतपणें पुढें ढकलीत असतों. ईश्वराच्या वांट्याचें काम आपण अंगावर घेतों, आणि आपल्या वांट्याचें काम त्याच्या अंगावर टाकतों.

हा विषय तत्त्वचर्चेला फार घरगुती आहे असें कोणी म्हणेल. काळ म्हणजे काय, तो सत्य कीं भासमान, याविषयीं पौर्वात्य व पाश्चात्त्य दर्शनकारांनीं पुष्कळ लिहून ठेवलें आहे. परंतु सामान्य मनुष्याला काळ भेटतो तो घटकेच्या रूपानें, आणि त्या घटकांपैकीं बऱ्याचशा घराच्या चार भिंतींतच जातात. नीतिशास्त्राचे ग्रंथ धर्मसंकटांचा विचार करतात: सत्य बोलून मित्राचा घात करावा काय, अन्यायी राजाज्ञा मोडावी काय, इत्यादि. असे प्रसंग बहुतेकांच्या आयुष्यांत बोटांवर मोजण्याइतके येतात. आजच्या संध्याकाळचें काय करावें हा प्रश्न मात्र प्रत्येकापुढें रोज उभा राहतो, आणि त्याचें उत्तर आपण न कळत देऊन टाकलेलें असतें.

ईश्वराच्या वेळेवर विश्वास ठेवणें हा एक गुण, आणि रोजच्या कौटुंबिक क्षणांचें मोल जाणणें हा दुसरा गुण, असें सामान्यतः मानतात. पहिला वृद्धांना शोभतो व दुसरा हौशी माणसांना, अशीही एक समजूत आहे. माझ्या मतें हीं एकाच गुणाचीं दोन अंगें आहेत. एक सोडून दुसरें धरूं पाहणाऱ्याच्या हातीं दोहोंपैकीं एकही लागत नाहीं. तें कसें, हें दाखविण्याचा येथें प्रयत्न करावयाचा आहे.

प्रथम रोगाचें स्वरूप पाहूं. अध्यापनाच्या व्यवसायामुळें मला वर्षानुवर्षें विद्यार्थ्यांचे पालक भेटत आले आहेत. मुलगा दहावींत गेला कीं घरांतलें हंसणें-बोलणें जणूं एका वर्षाच्या कराराने बंद होतें. पाहुण्यांना "यंदा नको" असें कळविलें जातें, आजीच्या गोष्टी थांबतात, सणाचा स्वयंपाक आटोपता घेतला जातो. "हें एक वर्ष जाऊं द्या," असें वडील माणसें बजावतात. मग बारावीचें वर्ष येतें, मग प्रवेशपरीक्षेचें, मग पदवीचें, मग परदेशीं जाण्याच्या खटपटीचें. तें 'एक वर्ष' कांहीं केल्या संपत नाहीं. आणि संपतें तेव्हां मुलगा विमानतळावर उभा असतो, व आजी भिंतीवरच्या चौकटींत गेलेली असते. कर्ज फिटलें म्हणजे मोकळेपणानें बोलूं, निवृत्त झालों म्हणजे दोघें मिळून यात्रेला जाऊं, असें म्हणणारे गृहस्थ प्रत्येकाच्या ओळखींत असतात. त्यांना कोणी आळशी किंवा निष्ठुर म्हणणार नाहीं; कुटुंबासाठींच तर ते झिजत असतात. परंतु राहतें घर त्यांनीं रेल्वेचा फलाट करून टाकलेलें असतें, आणि गाडीची वाट पाहणारा मनुष्य फलाटावर रांगोळी घालीत नाहीं.

विशेष हें कीं, हीं माणसें नास्तिक नसतात. देव्हाऱ्यापुढें तीं रोज हात जोडतात, आणि पुढें सर्व चांगलें होईल अशी त्यांची मनापासून श्रद्धा असते. पण ज्या ईश्वरानें पुढचें चांगलें ठरविलें असेल त्यानेंच आजची संध्याकाळही पाठविलेली आहे, हें त्या श्रद्धेच्या ध्यानांत येत नाहीं. उद्यांवर विश्वास आणि आजवर अविश्वास, अशी ही अर्धी आस्तिकता आहे. आणि उद्यांवरचा तो विश्वासही पक्का नसतो; तसा असता तर एवढी घाई झाली नसती. तीन वर्षांच्या मुलाला अक्षरें आलींच पाहिजेत, मुलीचें पंचविशीच्या आंत जमलेंच पाहिजे, मुलानें शेजाऱ्याच्या मुलाआधीं घर घेतलेंच पाहिजे! कोकणांतल्या कोणाही बागाईतदाराला विचारावें. कोंवळा आंबा अढींत घातला तर तो पिकत नाहीं, सुरकुततो. तयार झालेल्या फळालाच अढीची ऊब मानवते.

या दोहोंची, म्हणजे धीराची आणि तत्परतेची, सांगड आपल्या शेतकऱ्यांनीं एका शब्दांत घातली आहे. तो शब्द 'वाफसा'. पाऊस पडून गेल्यावर जमीन चिखलही राहिलेली नसते आणि कोरडीही झालेली नसते, अशी जी मधली पेरणीजोगी अवस्था, तिला वाफसा म्हणतात. पाऊस पाडणें शेतकऱ्याच्या हातीं नाहीं. वाफसा येण्याचा दिवसही त्याला ठरवितां येत नाहीं. पण तो आला म्हणजे पाभर जुंपावयाची कीं ओटीवर बसून राहावयाचें, हें त्याच्याच हातीं असतें. आधीं पेरलें तर बीं चिखलांत कुजतें. मागाहून पेरलें तर ओल मिळत नाहीं. "वेळ यावी लागते" हें तोही म्हणतो. पण तसें म्हणतांना त्यानें पाभर नीट करून ठेवलेली असते आणि बीं निवडून ठेवलेलें असतें.

घरांतही वाफसा येतो. लहान मूल दिव्याखालीं बसून एकाएकीं विचारतें, "आजोबा कुठें गेले?" सासरहून आलेली मुलगी भांडीं विसळतां विसळतां थांबते आणि कांहीं सांगूं लागते. बापलेकांमध्यें महिनामहिना अबोला असतो, आणि एके रात्रीं वीज गेल्यावर अंगणांतल्या अंधारांत दोघे सहज बोलूं लागतात. या घटका कोणी नेमून देत नाहीं. त्या आल्या तेव्हां आपण घरांत असलों, आणि नुसत्या देहानें नव्हे तर कानानें असलों, तर पेरणी होते. "आतां नको, कामांत आहें," असें म्हटलें तर ओल उडून जाते. आणि तोच प्रश्न तेंच मूल पुन्हां विचारील असा भरंवसा नसतो.

पेरणीची वेळ साधली म्हणजे सर्व झालें असें मात्र नाहीं. पीक केव्हां येईल हा दुसरा प्रश्न आहे, आणि श्रद्धेची खरी परीक्षा तेथें होते. या बाबतींत आपल्याच भाषेंतील तीन पुस्तकें उत्तम साक्ष देतात. तिन्ही घरगुती आठवणींचीं आहेत, आणि तिन्ही वाचकांच्या परिचयाचीं असतील.

पहिलें रमाबाई रानडे यांचें 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी'. महादेव गोविंद रानडे यांच्याशीं १८७३ सालीं त्यांचें लग्न झालें, तेव्हां त्या अकरा वर्षांच्या होत्या आणि रानडे एकतीस वर्षांचे. प्रथम पत्नी वारल्यावर वडिलांच्या आग्रहापुढें मान तुकवून, विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या या पुरुषानें एका लहान कुमारिकेशीं लग्न केलें, आणि त्याबद्दल सुधारकांचा दोषही पदरीं घेतला. कोणीही सुमुहूर्त म्हणणार नाहीं असाच तो आरंभ. पण लग्नानंतर रानड्यांनीं त्या मुलीला शिकविण्यास प्रारंभ केला. घरांतील वडीलधाऱ्या बायकांना तें खपत नव्हतें. टोमणे आणि उपहास त्या धड्यांच्या सोबतीला असत. १८८६ सालीं सरकारी वित्तसमितीच्या कामानिमित्त रानडे कलकत्त्यास होते, तेव्हांची एक आठवण रमाबाईंनीं दिली आहे. पत्नीला बंगाली शिकवितां यावें म्हणून रानडे स्वतः ती भाषा शिकूं लागले, आणि हजामत करावयास आलेल्या न्हाव्यापुढें बंगाली पुस्तक वाचून अडलेले शब्द त्यालाच विचारूं लागले. हिंदुस्थान सरकारच्या जमाखर्चाचा विचार करणाऱ्या माणसाला न्हाव्याचा विद्यार्थी होण्यास सवड झाली! काम संपल्यानंतर मिळालेली ही सवड नव्हे; कामाच्या घड्यांतच ती सांपडली होती. रानडे १९०१ सालीं वारले. पुण्याचें सेवासदन १९०९ सालीं स्थापन झालें, आणि १९२४ सालीं मृत्यु येईपर्यंत रमाबाईंनीं त्याचा भार वाहिला. कितीतरी स्त्रियांना तेथें शिक्षणाचा आणि स्वावलंबनाचा मार्ग सांपडला. घरांतल्या त्या धड्यांना असें पीक आलें, तेव्हां पेरणारा तें पाहावयास नव्हता.

दुसरें पुस्तक लक्ष्मीबाई टिळक यांचें 'स्मृतिचित्रें'. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं १८९५ सालीं ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. संसार दुभंगला, आणि कांहीं वर्षें पति-पत्नी एकमेकांपासून दूर राहिलीं. पुढें लक्ष्मीबाई त्यांच्याकडे परत गेल्या, आणि १९०० सालीं त्यांनींही तोच धर्म स्वीकारला. त्या ताटातुटींत कोणाचा पक्ष खरा, हें ठरविण्याचें येथें कारण नाहीं. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, या बाईंना शाळा ठाऊक नव्हती. अक्षरओळख झाली ती घरांत, संसाराच्या ओढाताणींतून. टिळक १९१९ सालीं वारले. त्यांचें अपुरें राहिलेलें 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनीं पूर्ण केलें, आणि १९३४ सालापासून 'स्मृतिचित्रें' भागाभागांनीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध होऊं लागलीं. त्यांत आहे तरी काय? सोवळ्याचा अतिरेक करणारा बाप, हातांत पैसा न टिकणारा नवरा, घरांतील चणचण, रुसवेफुगवे आणि पुन्हां समेट. घडत असतांना ज्या प्रसंगांनीं डोळ्यांत पाणी आणलें असेल, तेच सांगतांना त्या वाचकाला हंसवितात. हें हंसूं काळानें दिलें, हें खरें. परंतु त्या वेळीं ती बाई डोळे उघडे ठेवून घरांत वावरली नसती, तर काळाजवळ तरी द्यावयाला काय उरलें असतें?

तिसरें पुस्तक साने गुरुजींचें 'श्यामची आई'. गुरुजींची आई १९१७ सालीं गेली. पुस्तक १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिलें गेलें. मधलीं सोळा वर्षें तें बीं जमिनीखालींच होतें. कोकणांतल्या पालगडच्या एका गरीब घरांतली ती माउली. मुलाच्या ओल्या तळव्यांना माती लागूं नये म्हणून धोंड्यावर लुगड्याचे ओचे पसरतांना, आपण महाराष्ट्रांतील घरोघरच्या मुलांची आई होत आहों असें तिच्या स्वप्नांतही आलें नसेल. तिच्यापुढें हट्ट धरून बसलेलें एक मूल होतें, आणि तिला तेवढें पुरेसें होतें.

तिन्ही ठिकाणीं एकच क्रम दिसतो. घरांतला एक लहानसा व्यवहार, त्या वेळीं कोणीही हिशेबांत न धरलेला. मग दीर्घ काळ, ज्यांत कांहीं घडत आहे असें दिसत नाहीं. आणि मग, पेरणारा निघून गेल्यावर, पीक. हा सृष्टीचा अबाधित नियम आहे असें मी म्हणत नाहीं. प्रेमानें दिलेलें व्यर्थ गेल्याचींही उदाहरणें आपण पाहतों. त्यांचीं पुस्तकें होत नाहींत एवढेंच. पण एक गोष्ट निश्चित सांगतां येते. घरांतील कृतीचें फळ आपल्या वेळापत्रकाप्रमाणें येत नाहीं, आणि म्हणून फळावर डोळा ठेवून ती करणाऱ्याचा हात लवकरच आखडतो. चार दिवस मुलाला गोष्ट सांगितली आणि त्याचे गुण वाढले नाहींत, म्हणून पांचव्या दिवशीं पुस्तक मिटणारा बाप आपण सर्वांनीं पाहिलेला आहे. फळाची आशा सोडून कर्म करावें हा गीतेचा उपदेश आपण रणांगणाला, कचेरीला आणि राजकारणाला लावतों. स्वयंपाकघर व ओसरी यांना तो लावावा असें सहसा कोणास सुचत नाहीं. वास्तविक त्याची अधिक गरज तेथेंच आहे. कचेरींतल्या कामाचा पगार महिन्याच्या ठराविक दिवशीं मिळतो. मायेच्या शब्दाला अशी तारीख नाहीं. ईश्वराच्या वेळेवर विश्वास ठेवणें म्हणजे फळाची तारीख न विचारतां आजचें बीं आज टाकणें, असा अर्थ मला दिसतो. हा विश्वास असेल तरच आजच्या क्षणाकडे निर्मळ दृष्टीनें पाहतां येतें. आणि आजच्या क्षणाकडे पाहिलेंच नाहीं, तर त्या विश्वासाला पाय टेकावयास जागा राहत नाहीं.

आतां आक्षेपांकडे वळूं. वेळेवर विश्वास ठेवण्याच्या उपदेशाचा जगांत फार दुरुपयोग झालेला आहे. स्त्रीशिक्षण घ्या, विधवाविवाह घ्या, अस्पृश्यतानिवारण घ्या; प्रत्येक सुधारणेला "अजून वेळ आलेली नाहीं" असेंच पहिलें उत्तर मिळत आलें. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनीं १८४८ सालीं पुण्यांत मुलींची शाळा काढली, ती समाजाच्या संमतीची वाट न पाहतां. धोंडो केशव कर्वे यांनीं १८९३ सालीं एका विधवेशीं पुनर्विवाह केला आणि त्यासाठीं गांवचा बहिष्कार सोसला. प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करतांना १८९७ सालीं सावित्रीबाईंनीं देह ठेवला; "धीर धरा, वेळ येईल" एवढें सांगून त्यांनीं दार लावून घेतलें नाहीं. या माणसांची ईश्वरावरील श्रद्धा आपल्याहून कमी होती असें कोण म्हणेल?

यावरून एक मर्यादा स्पष्ट होते. धीराचा उपदेश माणसानें स्वतःला करावा. माझी इच्छा लांबणीवर पडली तर ती ईश्वराची वेळ म्हणून मीं सोसावी, हें ठीक आहे. परंतु दुसऱ्याचा हक्क लांबणीवर पडत असेल, आणि तो देणें माझ्या हातीं असेल, तर तेथें ईश्वराचें नांव पुढें करणें हें पाप आहे. शिकूं इच्छिणाऱ्या सुनेला "तुझीही वेळ येईल" असें सासरच्यांनीं सांगावें, तेव्हां ती वेळ दुसऱ्या कोणी अडविलेली नसते.

हीच कसोटी कौटुंबिक सुखालाही लावली पाहिजे. दिवाळीची पहाट, फराळ, पंगत यांच्या आठवणींनीं आपलें मन भरून येतें. पण त्या पंगतींत न बसलेली एक व्यक्ति चुलीपाशीं धुरांत होती, आणि तिचें जेवण सर्वांच्या मागून, उरलेल्या अन्नावर होत असे. ज्या क्षणाची किंमत घरांतील एकाच माणसानें आपल्या श्रमानें भरावी, तो क्षण कुटुंबाचा म्हणतां येणार नाहीं. घटका जपावयाच्या असतील तर भांडींही वांटून घांसावीं लागतील. नीतिशास्त्र येथें मोरीपर्यंत येतें, त्याला इलाज नाहीं.

दुसरा आक्षेप याहून कठीण आहे. 'अकाली मृत्यु' हे शब्द आपल्या भाषेंत रूढ आहेत. म्हणजे कांहीं गोष्टी वेळेवर होत नाहींत हें भाषेनेंही मान्य केलें आहे. लोकमान्य टिळक १९०८ पासून १९१४ पर्यंत मंडालेच्या तुरुंगांत होते. 'गीतारहस्य' त्यांनीं तेथेंच लिहून काढलें. १९१२ सालीं त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई इकडे वारल्या, आणि ती वार्ता त्यांना तुरुंगांत कळली. त्या आघाताचें दुःख त्यांनीं घरीं पाठविलेल्या पत्रांत लपविलें नाहीं. कर्मयोगाचें एवढें विवेचन ज्यानें केलें त्यालाही ती अखेरची घटका मिळाली नाहीं, आणि कोणत्याही ग्रंथाला ती परत आणून देतां आली नाहीं. २०२० व २०२१ सालच्या महासांथींत आपल्यांतील असंख्य घरांवर हाच प्रसंग आला. नातेवाईक रुग्णालयाच्या दाराशीं अडले. कित्येकांना शेवटचें पाणी पाजतां आलें नाहीं, मुखदर्शनही झालें नाहीं. त्यांना "ईश्वराची वेळ" म्हणून समजावूं जाणें हें क्रौर्य होय.

श्रद्धेकडून स्पष्टीकरणाची अपेक्षा करणें हीच मुळांत भूल आहे. "झालें तें बऱ्याकरितांच झालें" हें वाक्य श्रद्धेचें दिसतें, पण तें हिशेबाचें आहे. ईश्वराच्या वहीचें पान आपण वाचलें आहे असा त्यांत दावा असतो. खऱ्या श्रद्धेला तें पान वाचतां येत नाहीं, आणि ती तसें कबूल करते. ती एवढेंच म्हणते कीं, जें मिळालें तें खरोखरच मिळालें होतें. शेवटची घटका हिरावली गेली म्हणून आधींच्या हजारों घटका खोट्या ठरत नाहींत. अशा शोकांत माणसाला धरून ठेवतें तें बहुधा एखादें तत्त्व नसतें. सकाळचा दोघांनीं मिळून घेतलेला चहा असतो, एखादें ठरलेलें चिडवणें असतें, दाराशीं उभें राहून "लवकर या" म्हणणें असतें. असें कांहीं ज्यांच्या गांठीं असतें तींही माणसें रडतात. पण ज्यांनीं सर्व कांहीं पुढच्यासाठीं राखून ठेवलेलें असतें, त्यांच्या दुःखांत आणखी एका दुःखाची भर पडते. आणि हें दुसरें दुःख ईश्वरानें दिलेलें नसतें.

तिसरा आक्षेप वैराग्याच्या बाजूनें येतो. घरगुती क्षणांना एवढें महत्त्व देणें ही आसक्ति नव्हे काय? रोमन बादशहा मार्कस ऑरेलियस हा स्टोइक पंथाचा तत्त्ववेत्ता. त्याला बारांहून अधिक मुलें झालीं, आणि त्यांपैकीं निम्म्याहून अधिक त्याच्या हयातींतच गेलीं. मुलाला कुरवाळतांनाही तें मर्त्य आहे हें विसरूं नये, अशी त्या पंथाची शिकवण आहे. पुष्कळांना ती थंड व कठोर वाटते. मला ती तशी वाटत नाहीं. मूल मर्त्य आहे हें ज्याला आठवतें तोच त्याला कुरवाळण्याचें काम उद्यांवर टाकीत नाहीं. आपल्याकडे पैठणच्या एकनाथांनीं संसारांत राहूनच परमार्थ केला. गृहस्थाश्रम ही भक्तीच्या वाटेवरील धोंड आहे असें त्यांना वाटलें नाहीं. आसक्तीला क्षण अडवून ठेवावयाचा असतो. कदर करणाऱ्याला तो पाहावयाचा असतो, आणि पाहून झाल्यावर जाऊं द्यावयाचा असतो.

हा भेद हल्लीं विशेष ध्यानांत ठेवण्याजोगा झाला आहे, कारण क्षण अडवून ठेवण्याचें यंत्र आतां बहुतेकांच्या खिशांत असतें. मूल पहिलें पाऊल टाकतें तेव्हां बापाची नजर मोबाइलच्या पडद्यावर असते. आजीचा पंचाहत्तरावा वाढदिवस असतो, आणि ओंवाळणारीच्या हातापेक्षां चित्र घेणाऱ्याचा हात अधिक महत्त्वाचा ठरतो. छायाचित्रें काढूंच नयेत असें माझें म्हणणें नाहीं. गेलेल्या माणसाचें एखादें चित्र घराला केवढा आधार देतें हें सर्वांना ठाऊक आहे. पण सांठवण म्हणजे आस्वाद नव्हे. अशीं हजारों चित्रें जमतात, आणि तीं पुन्हां कधीं पाहावयाचीं? तर, सवड झाली कीं!

मग करावें काय? एखादें मोठें व्रत घेण्याची जरूर नाहीं; व्रत घेतलें कीं उद्यापनाची घाई सुरू होते. आपल्या जुन्या कालगणनेंत अहोरात्राच्या साठ घटका धरीत, आणि एक घटका चोवीस मिनिटांची होई. साठांपैकीं एक घटका घराची म्हणून निराळी काढावी, एवढें माझें मागणें आहे. त्या घटकेंत मुलाला परीक्षेचे गुण विचारूं नयेत, मुलीपुढें स्थळाचा विषय काढूं नये, वडिलांना पथ्याची आठवण देऊं नये, आणि मोबाइल दुसऱ्या खोलींत ठेवावा. वाफसा त्याच घटकेंत येईल असें नाहीं. पण रोज बांधावर जाणाऱ्यालाच तो आलेला कळतो. लग्न, नोकरी, औषधोपचार यांविषयींचे प्रयत्न अर्थातच चालूं ठेवावे. प्रयत्न करणें हें आपलें काम आहे, तें सोडणें म्हणजे श्रद्धा नव्हे. त्या प्रयत्नांना यश केव्हां येईल या चिंतेनें उरलेल्या सर्व घटका गिळूं नयेत, इतकेंच पाहावयाचें. ज्या वाचकांना ईश्वर हा शब्द रुचत नसेल त्यांनीं त्या जागीं काळ म्हणावें. वेळ आपल्या मुठींत नाहीं एवढें मान्य केलें म्हणजे येथील विवेचनाला तेवढें पुरे आहे.

मुलीच्या लग्नाचा योग केव्हां आहे, हें कोणतेंही पंचांग खात्रीनें सांगूं शकत नाहीं. आज तिन्हीसांजेला ती घरीं आहे, एवढें मात्र पंचांग न उघडतां कळतें.